मातेओचं पान

“उजवा हात,” नाना म्हणाले.

माझ्या डाव्या हातात फोन होता आणि उजव्या हाताने मी डास मारत होते. मुकाट्याने तळवा पुढे केला. नानांनी त्यावर भोपळ्याच्या बियांच्या वडीचा तुकडा ठेवला, वर संत्र्याची एक फोड ठेवली आणि मी खाते की नाही ते बघत उभे राहिले.

“हे कुठून आणलंत?”

“प्रसाद आहे. आधी तोंडात टाक, मग चौकशा कर.”

माझ्याआधी कॅनडाचं एक वयस्कर जोडपं आणि दोन जर्मन मुली यांना वाटून झालं होतं; मधातलं रताळं आणि साखरेचा पाव त्यांच्यातच संपला होता. कॅनडाच्या आजोबांना वडीखेरीज वाडगाभर चॉकलेटही प्यायला मिळालं होतं, कारण ते नानांच्याच वयाचे होते. जर्मन मुलींपैकी एक डावखुरी निघाली. तिला नानांनी दोनदा हात बदलायला लावला होता आणि तोही मराठीतून. ती आता हसत हसत बोटं चाटत होती. मी तुकडा तोंडात टाकला. चव चांगली होती, थोडी कडवट.

मेक्सिकोच्या युकातान भागात, समुद्रापासून तासाभरावर असलेल्या एका माया गावातल्या घराच्या परसात आम्ही उभे होतो. याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही तेव्हा ह्यूस्टनला राहायचो आणि ऑक्टोबर अखेरीला सुट्टी काढून इथल्या किनाऱ्यावर आलो होतो. माझा नवरा निरंजन मुलांना घेऊन समुद्राखालचे मासे बघायला गेला होता. नानांना त्यात रस नव्हता. मासे ताटात बघायचे असतात, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. म्हणून हॉटेलच्या फलकावर लिहिलेल्या सहलींमधून मी आम्हा दोघांसाठी जेवणाची सहल निवडली. गावातल्या घरी जायचं, जमिनीत पुरून शिजवलेलं माया पद्धतीचं जेवण जेवायचं आणि संध्याकाळी परत.

नाना म्हणजे माझे वडील, अलिबागजवळच्या नागावचे विश्वनाथ टिपणीस. नोकरी नगरपालिकेच्या पाणीखात्यात, पण खरा जीव पंगतीत. लग्न कुणाचंही असो, मुंज कुणाचीही असो, नाना कंबरेला पंचा बांधून वाढायला उभे. मांडव दुसऱ्याचा आणि यजमानपण यांचं. कुणाला मठ्ठ्यात मिरची चालत नाही, कुणाला भाताची खरवड लागते, कुणाचे व्याही गोडाचं नको म्हणतात पण दोनदा विचारलं की घेतात, सगळं त्यांना तोंडपाठ. लहानपणी मला या प्रकाराची भयंकर लाज वाटायची. आपले वडील न बोलावता वाढतायत हे मैत्रिणींना कळू नये म्हणून मी पंगतीत पार टोकाला जाऊन बसायचे.

आई गेली आणि हे सगळं थांबलं. मी नानांना ह्यूस्टनला घेऊन आले. तिथे ते समोर आलेलं जेवायचे, ताट धुऊन ठेवायचे आणि खिडकीशी जाऊन बसायचे. आमटी खारट झाली तरी बोलायचे नाहीत. आमच्याकडे पाहुणे आले तर आधी जेवून खोलीत जायचे. ज्या गोष्टीची मला आयुष्यभर लाज वाटली तीच बंद पडल्यावर मला घोर लागला. या माणसाचं आता काय करायचं, ते मला समजत नव्हतं.

म्हणून त्या दिवशी ते ताट घेऊन परसात आले तेव्हा मला इतकं बरं वाटलं की हे कुणाचं ताट, कुठलं ताट, हे पुन्हा विचारायचं सुचलंच नाही.

खरं तर त्यांची कळी आल्या आल्याच खुलली होती. घरमालक ऑरेलिओ परसात खड्ड्याशी उभे होते. खड्ड्यात तापवलेले दगड, त्यावर केळीच्या पानांत बांधलेल्या मोठमोठ्या पुरचुंड्या, वर पाला आणि माती. मातीतून वाफ येत होती. याला इथे पिब म्हणतात. मक्याच्या पिठात शेंदरीच्या बियांनी लाल केलेली कोंबडी भरून केलेली जाडजूड पानगीच म्हणा ना. नाना खड्ड्यावर वाकले, वास घेतला आणि म्हणाले, “शलू, ही तर आपली पोपटी.” मग ऑरेलिओंना त्यांनी नागावच्या पोपटीची साग्रसंगीत माहिती दिली, मडकं कसं, वालाच्या शेंगा कशा, भांबुर्ड्याचा पाला कशाला. ऑरेलिओ माया भाषेतून काहीतरी सांगत होते. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघांचंही समाधान झालेलं दिसत होतं.

घरधनीण ग्रेगोरिया आम्हाला नारिंगाचं सरबत देऊन कुणाला तरी बोलवायला गेली होती. आमचा वाटाड्या एरनान गाडीतून बर्फ काढत होता. नाना हात धुवायला म्हणून घरात गेले आणि ताट घेऊन बाहेर आले.

तेवढ्यात मागच्या दारात ग्रेगोरिया दिसली. तिशीची असेल. गळ्याशी रंगीत भरतकाम केलेला पांढरा झगा, केस ओले. तिच्या मागे काठी टेकत एक म्हातारी होती. ग्रेगोरियाने नानांच्या हातातलं ताट पाहिलं. मग आमच्या हातांकडे पाहिलं, एकेकाच्या. ती वळून आत गेली.

ऑरेलिओंनी फावडं खाली ठेवलं आणि तेही आत गेले. मग एरनान गेला. तो परत आला तेव्हा सरळ माझ्याकडे आला. ह्यूस्टनच्या दवाखान्यात काम करून मला कामापुरतं स्पॅनिश येत होतं, हे त्याला सकाळपासून माहीत होतं; गाडीत आमच्या घरचं, आई गेल्याचं, सगळं बोलणं झालं होतं.

“ते ताट तुझ्या वडिलांनी पुढच्या खोलीतल्या मेजावरून उचललं का?”

“असेल. का?”

“आज एकतीस तारीख,” तो म्हणाला. “मी जेवणाआधी तुम्हाला सगळं सांगणारच होतो. आमच्याकडे आजच्या दिवशी गेलेली लहान मुलं घरी येतात. जेवायला. त्यांच्यासाठी मेज मांडतात. ही निकोलासा आजी प्रार्थना म्हणणार, मग मेणबत्त्या लावायच्या, मग मुलं येणार. मूल जेवून गेलं की मग घरच्यांनी ते अन्न खायचं.” तो जरा थांबला. “ग्रेगोरियाचा मातेओ. गेल्या वर्षी तापाने गेला. सात वर्षांचा होता.”

वडीचा शेवटचा चोथा अजून माझ्या तोंडात होता. मला तो गिळता येईना आणि थुंकता येईना.

“आणि मेणबत्त्या कुणीतरी लावल्यात,” एरनान म्हणाला. “मेणबत्ती लावली म्हणजे त्याला हाक मारली. तो आला असणार. आणि मेजावर काही नाही.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या परसात कळलं. मी येताना त्या मेजावर ओझरती नजर टाकली होती. भरतकामाचं पांढरं कापड, हिरवा रंगवलेला लाकडी क्रॉस, झेंडूची फुलं, ताटं-वाडगे, एक पत्र्याची गाडी, एक भोवरा. फोटो नव्हता. ह्यूस्टनच्या दुकानांत या सणाच्या नावाखाली साखरेच्या कवट्या विकायला ठेवतात. इथे तसं काही नव्हतं, म्हणून माझ्या मनात काही आलंच नाही.

नाना ताट घेऊन माझ्याकडे येत होते. ताटात संत्र्याच्या दोन फोडी उरल्या होत्या.

“त्या बाईंना विचार, घरात अजून कोण कोण आहे?” ते म्हणाले. “कुणी राहायला नको.”

“नाना, आत तुम्ही काय काय केलंत?”

“सगळं रीतसर केलं. त्यांचा बाळकृष्ण मांडलाय ना, म्हणजे त्यांचा बाळ येशू असेल. खेळणी ठेवलीयत बघ समोर, आपण ठेवतो तशीच. मूर्ती काही दिसली नाही. मेणबत्त्या नुसत्याच उभ्या होत्या, काडेपेटी शेजारी. म्हटलं, बायामाणसांची धावपळ चाललीय, राहून गेलं असेल. लावल्या. पाणी फिरवलं, नैवेद्य दाखवला, हात जोडले.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “का गं?”

काही नाही म्हणून वेळ मारून न्यावी, असं मला वाटलं. वर्षभराने पहिल्यांदा हा माणूस हसत होता. पण नाना माझ्या खांद्यावरून दाराकडे बघायला लागले. दारात आता ऑरेलिओ उभे होते, आणि त्यांचा चेहरा वाचायला भाषा लागत नव्हती.

“नाना, तो देव नाही,” मी म्हणाले. “त्यांचा मुलगा आहे. गेलेला. ते त्याचं पान होतं.”

“त्याचं?”

“कावळा शिवायच्या आधीच आपण…”

पुढचं मला म्हणवलं नाही. म्हणायची गरजही नव्हती. दहाव्याच्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवून पंचवीस माणसं कावळ्याची वाट बघत कशी उभी राहतात हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. कावळा शिवेपर्यंत कुणी पाण्याचा घोट घेत नाही. आणि इथे नानांनी लोकांना हात बदलायला लावून वाटलं होतं.

नानांनी हातातल्या ताटाकडे पाहिलं. ते ताट कुठे ठेवावं हे त्यांना सुचेना. खाली मातीत ठेवण्यासारखं नव्हतं, आत नेऊन मेजावर ठेवण्याची सोय राहिली नव्हती. शेवटी ते दोन्ही हातांनी छातीशी धरून दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही.

मी त्यांच्या मागे गेले. आत मेजावर बोटभर उंचीच्या रंगीत मेणबत्त्या जळत होत्या. ग्रेगोरिया त्यांच्यासमोर जमिनीवर बसली होती. मेणबत्त्या विझवाव्यात, असं ऑरेलिओ म्हणत होते. निकोलासा आजी काठी आपटून नको म्हणत होती. पोर आलंय, आता विझवल्यात तर ते अंधारात बसेल, असं तिचं म्हणणं. मेणबत्त्या संपायच्या आत मेज भरा, म्हणजे झालं. हे मला एरनानने हळू आवाजात सांगितलं, मी नानांना सांगितलं, आणि मग आम्ही सगळेच त्या मेणबत्त्यांकडे बघत राहिलो. लहान मुलांसाठी म्हणून त्या लहानच केलेल्या होत्या.

ग्रेगोरिया आम्हाला पाहून उठली. मला वाटलं आता ही बोलेल, आणि बोलावंच असंही वाटलं. ती म्हणाली, “आजोबांना माहीत नव्हतं. तुम्ही बसा, पिब निघतोय.” आणि खरोखरच बाहेर जाऊन तिने बाकांवर केळीची पानं मांडायला घेतली. आम्ही पाहुणे होतो ना. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

ऑरेलिओंनी माती बाजूला केली. पुरचुंड्या निघाल्या. त्यातली एक लहान होती, तळहाताएवढी. ती ऑरेलिओंनी कुणाला न दाखवता आत नेली. निदान तेवढं तरी आमच्या हातून वाचलं होतं. कॅनडाच्या आजोबांना एव्हाना एरनानने सगळं सांगितलं होतं आणि ते रिकाम्या वाडग्याकडे बघत होते. पण भूक सगळ्यांनाच लागली होती. पानं उघडली गेली, लाल कोंबडीचा वास सुटला आणि हळूहळू लोक खायला लागले.

नाना दाराशेजारी एका दगडावर बसले होते. त्यांच्यासाठी ग्रेगोरियाने स्वतः पान आणलं.

“त्यांना सांग,” नाना मला म्हणाले, “त्या लेकराचं व्हायचंय अजून. त्याच्याआधी मी पानावर बसणार नाही.”

मी सांगितलं. ग्रेगोरियाने त्या वेळी पहिल्यांदा नानांकडे नीट पाहिलं. पान तिने परत नेलं.

मग नानांना एकदम काहीतरी आठवलं. त्यांच्या झोळीत लाडवांचा डबा होता, मी घरून करून आणलेले बेसनाचे लाडू. ते डबा घेऊन उभे राहिले. “हे चालतील का विचार. साजूक तुपातले आहेत. कुणी उष्टावलेले नाहीत.”

ग्रेगोरियाने एक लाडू हातात घेतला, हुंगला. मग परत डब्यात ठेवला, अगदी हलक्या हाताने.

“फार चांगला दिसतो,” ती मला म्हणाली. “पण त्याने हे कधी पाहिलेलं नाही. नवीन काही ताटात दिसलं की तो ताटच ढकलायचा. एवढ्या लांबून आलाय, आणि घाबरून तसाच परत जाईल.”

“मग काय आवडायचं त्याला?” नानांनी विचारलं. मी ते स्पॅनिशमध्ये विचारलं.

ग्रेगोरियाला आठवावं लागलं नाही. चॉकलेट, पण फेस आलेलं, आणि फेस आधी चमच्याने खायचा. रताळं मधातलं, टोकाकडचा भाग, मधला नाही. भोपळ्याच्या बियांची वडी, पण कोपरा मोडलेली चालायची नाही. पाव, वरची साखर चाटून झाल्यावर उरलेला धाकट्या बहिणीला. संत्रं सोलून, फोडीवरचा एकूण एक पांढरा दोरा काढून. एक जरी दोरा राहिला तरी फोड परत यायची. बोलता बोलता ती दोन बोटांनी हवेतल्या हवेत दोरे काढत होती.

मी एकेक वाक्य नानांना सांगत होते आणि नाना मान हलवत होते. असला हिशेब त्यांच्या आवडीचा. कुणाला काय लागतं हे ऐकताना ते आपली लाजसुद्धा क्षणभर विसरले, हे मला दिसलं.

निकोलासा आजी मध्येच निघून गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर शेजारच्या बायका होत्या. प्रत्येकीच्या हातात शालीखाली झाकलेलं काहीतरी होतं. एकीने मधातलं रताळं आणलं. एकीने वड्या आणल्या, कोपरे शाबूत असलेल्या. एका म्हाताऱ्या बाईने साखरेचा एकच पाव आणला. दुकानातून नव्हे, एरनान म्हणाला, या बायकांच्या घरातही आज मेजं मांडलेली आहेत. आपापल्या मुलांच्या पुढ्यातलं त्या एकेक काढून आणत होत्या.

नाना हे सगळं उंबऱ्याबाहेरून बघत होते. बाया जाता-येता त्यांच्याकडे बघायच्या. रागाने नाही, पण बघायच्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. नानांना किती झालं असेल ते त्यांच्या वाकलेल्या खांद्यांवरून दिसत होतं. तरी ते तिथून हलले नाहीत.

संत्री ऑरेलिओंनी परसातल्या झाडावरून काढून आणली. “ती मी सोलू का विचार,” नाना म्हणाले. ग्रेगोरियाने नवऱ्याकडे पाहिलं. मग नानांच्या हातात संत्रं ठेवलं.

माझ्या वडिलांनी शेकडो पंगती वाढल्या असतील, पण मी त्यांना एखादं फळ सोलताना पाहिलं नव्हतं. चिरायचं, सोलायचं, निवडायचं काम स्वयंपाकघराचं आणि वाढायचं काम मांडवाचं. ते दगडावर बसले, चष्मा वर केला, फोड डोळ्यांजवळ नेली आणि जाड बोटांनी एकेक दोरा काढायला लागले. दोरे तुटायचे, फोड फुटायची, ते दुसरी घ्यायचे. पहिल्या काही फोडी ग्रेगोरियाने हातात घेऊन परत दिल्या. कुठे ना कुठे एखादा दोरा राहिलेला असायचा. नानांनी परत घेतल्या, पुन्हा साफ केल्या. आत मेणबत्त्या निम्म्याच्या खाली आल्या होत्या. मी मदत करते म्हणाले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

शेवटी वाडगा भरला आणि ग्रेगोरियाने तो मेजावर ठेवला. चॉकलेट घुसळून झालं, फेसासकट आलं. लहान पिब मधोमध ठेवला. निळ्या मेणबत्तीची वात तेवढ्यात मेणात कलंडली होती, ती ऑरेलिओंनी काडीने सरळ केली. निकोलासा आजीने प्रार्थना सुरू केली. बायका मागून म्हणत होत्या. आम्ही बाहेर हात जोडून उभे होतो, जर्मन मुलीसुद्धा. प्रार्थना संपल्यावर सगळे परसात आले आणि खोली मोकळी सोडली, जेवणाऱ्याला संकोच नको म्हणून. एकेक मेणबत्ती विझताना दारातून दिसत होती. मेज भरलेलं होतं.

नानांनी सुस्कारा सोडला. “झालं,” ते म्हणाले, “जेवला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मलाही आता रडू आलं. लाज गेली नव्हती, पण ती आता उभ्या उभ्या सोसता येण्याजोगी झाली होती. या गोष्टीचा शेवट इतका वाईट झाला नाही असं मी मनात म्हटलं.

तेवढ्यात ग्रेगोरिया बाहेर आली. तिच्या हातात भोपळ्याच्या कवचीचा रिकामा वाडगा होता. ती नानांपुढे उभी राहिली आणि माझ्याशी बोलली.

“एरनान म्हणाला, आजोबांची बायको गेली.”

“हो. माझी आई. वर्ष होईल.”

“उद्या मोठ्या माणसांचा दिवस. माझी आई येईल, सासरे येतील. तुझी आई आजोबांच्या मागोमाग इथपर्यंत आली असेल, बायका येतात. इथे तिचं कुणी नाही. आजोबांनी माझ्या मुलासाठी उपास धरला, तर मी तिच्यासाठी मेजावर जागा ठेवते.” तिने वाडगा पुढे केला. “नाव काय तिचं?”

मी नानांना सांगितलं. त्यांनी वाडग्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, “प्रमिला.” मी त्यांच्या तोंडून आईचं नाव कधी ऐकलं नव्हतं. ते नेहमी ‘अहो’च्या उलट ‘अगं’ एवढंच म्हणायचे.

“प्रमिला,” ग्रेगोरियाने दोनदा म्हणून पाहिलं. “आणि तिला काय आवडायचं? इथे मिळत नसलं तरी सांगा. त्याच्या जवळचं काहीतरी करू.”

मी विचारलं, “नाना, आईला खायला काय आवडायचं विचारतायत.”

“तिला ना,” नाना लगेच म्हणाले आणि थांबले.

ते वर बघायला लागले, माणूस आठवताना बघतो तसे. मी वाट बघितली. मग ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मघाशी त्या ताटाचं कळलं तेव्हाच्याहून वाईट झाला होता.

“शलू,” त्यांनी हळूच विचारलं, “तुझ्या आईला काय आवडायचं गं?”

मला वाटलं, मला सांगता येईल. सोड्याची खिचडी, मी म्हणणार होते, पण सोड्याची खिचडी माझ्यासाठी व्हायची. वालाचं बिरडं नानांसाठी. निनावं दादाच्या वाढदिवसाला. खाजाचे कानवले आत्या यायची तेव्हा. मी आईला जेवताना आठवायला लागले. ती ओट्याशी पाठमोरी बसलेली दिसली. आमचं सगळ्यांचं झालेलं, पुढ्यात पातेलं, आणि जे उरलं असेल ते त्यातच भात कालवून खाणारी. तिच्या पुढ्यात वाढलेलं पान मला आठवेना. तिने कधी काही मागून घेतलेलं आठवेना. आम्ही कुणी तिला अजून थोडं घे म्हटलेलंही आठवेना. नानांनी साऱ्या गावाला आग्रह केला. आईला वाढायला मीही कधी उठले नव्हते.

“आठवतंय का काही?” नाना म्हणाले.

“नाही, नाना.”

त्यांनी मान खाली घातली. संत्र्याच्या रसाने चिकट झालेले हात ते एकमेकांवर चोळत राहिले.

ग्रेगोरिया वाडगा धरून उभीच होती. ती एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं, मला तिचा प्रश्न समजला नाही. तिने तो पुन्हा विचारला, या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून.